परफ्यूमच्या काउंटरवरची फुकट बाटली

मित्रांनो, मी परफ्यूमची बाटली आहे खरी, पण मला आजवर कोणी विकत घेतलेलं नाही. मी टेस्टर. फुकट हुंगायची. कारखान्यात माझ्या बहिणींना सोनेरी टोपणं मिळाली, मखमलीचे खोके मिळाले. मला मिळाला साधा पुठ्ठा आणि पोटावर शिक्का, 'विक्रीसाठी नाही'. आत सगळ्यांच्या एकच अर्क, थेंबाचाही फरक नाही. पण टोपण नाही म्हटल्यावर विचारतो कोण?

दुकानात आमच्या काउंटरवर दोघी उभ्या असायच्या. एक ताई आणि दुसरी त्यांची भावजय, म्हणजे धाकट्या भावाची बायको. राहायच्या एकाच घरात, जेवायच्या एकाच डब्यातून. भावजयीला ही नोकरी ताईंनीच मालकांच्या मागे लागून मिळवून दिली होती. तिला वास घ्यायच्या कागदी पट्टीवर फवारा कसा मारायचा, गिऱ्हाईक कंटाळलंय हे कसं ओळखायचं, सगळं ताईंनी शिकवलं.

आमच्या धंद्यात म्हणतात, सुगंधावरून माणूस कळतो. कळतो कसला डोंबल! येणाऱ्या प्रत्येकाला दुसराच कोणीतरी व्हायचं असतं. भित्र्याला रुबाब हवा असतो, भांडकुदळ बाईला नाजूक फुलं हवी असतात. स्वभावाला औषध नाही म्हणतात ना? म्हणून त्यावर शिंपडायला आम्ही!

ताई मात्र माणूस वासावरून ओळखतच नव्हत्या. त्या बघायच्या बूट, नखं, सोबत आलेल्या माणसाशी बोलायची तऱ्हा. एकदा एक गृहस्थ आले. नुकतीच बढती झालेली. म्हणाले, "काहीतरी भारदस्त द्या. मी खोलीत शिरलो की सगळे उठून उभे राहिले पाहिजेत."

"साहेब, तुमचा आवाजच पुरेसा आहे," ताई म्हणाल्या. "वासानं आणखी किती घाबरवणार त्या बिचाऱ्यांना?"

गृहस्थ आधी चपापले, मग खो खो हसले. ताईंनी मला उचललं आणि त्यांच्या मनगटावर माझा एक हलका फवारा मारला. ते दोन बाटल्या घेऊन गेले. माझ्या बहिणी गेल्या, मी तिथेच राहिले. पण त्या दिवशी मला वाईट वाटलं नाही. ताईंच्या हातात असलं की आपणही कोणीतरी आहोत असं वाटायचं.

आता खरी गोष्ट सांगते. ताईंना वासच येत नव्हता. एका तापात त्यांचं नाक जे बंद पडलं ते परत उघडलंच नाही. डॉक्टर म्हणाले, वास येईल हळूहळू. आला नाही. परफ्यूमच्या काउंटरवर बिननाकाची बाई कोण ठेवणार? म्हणून त्यांनी ही गोष्ट फक्त भावजयीला सांगितली. रोज दुकान उघडण्याआधी भावजय आम्हा सगळ्या टेस्टरांचा वास घ्यायची आणि सांगायची, "ठीक आहेत सगळ्या, ताई." मग ताई निर्धास्त उभ्या राहायच्या. कारण परफ्यूमही नासतं बरं का. ऊन लागलं, दिव्याची धग लागली, की आंबतं.

पुढे मालकांनी आमच्या काउंटरवर एक झगझगीत दिवा बसवला. दिवसभर तो माझ्या डोक्यावर तापायचा. माझ्यातली लिंबाची तरतरी आधी गेली, मग फुलं गेली. मागे उरला तो न वाळलेल्या फडक्यासारखा आंबूस वास. मला माझी लाज वाटायला लागली.

मी पुरती आंबले त्याच संध्याकाळी मालकांनी दोघींना सांगितलं, "विक्री घटलीय. पुढच्या महिन्यापासून या काउंटरवर एकच जण राहील. कोण ते मी बघतो." ताई भावजयीला म्हणाल्या, "अगं, घाबरू नकोस, काहीतरी मार्ग निघेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजयीनं मला पट्टीवर फवारलं आणि पट्टी नाकाशी नेली. तिचं नाक आक्रसलेलं मी पाहिलं, मित्रांनो. तिनं पट्टीचा बोळा करून खिशात टाकला. मग वळून म्हणाली, "ठीक आहेत सगळ्या, ताई."

मी ओरडणार कुठल्या तोंडानं? दुपारी एक जुन्या ओळखीच्या बाई आल्या. ताईंनी मोठ्या हौसेनं मलाच उचललं.

"शी! हे काय लावलंत मला?" बाई मनगट झटकत म्हणाल्या. मालक धावत आले, त्यांनी वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "ताई, हे तर पार आंबलंय. तुम्हाला वास आला नाही?"

ताईंनी भावजयीकडे पाहिलं. सर्दी झालीय म्हण, माझं लक्ष नव्हतं म्हण, काहीही म्हण, असं त्यांच्या डोळ्यांत होतं.

भावजय म्हणाली, "त्यांना वासच येत नाही, साहेब. कितीतरी महिने झाले. मीच सांभाळून घेत होते."

मालकांनी दोन पट्ट्या आणून ताईंसमोर धरल्या. "यातली आंबलेली कोणती, सांगा." ताईंनी पट्ट्या हातात घेतल्या, पण नाकाजवळ नेल्याच नाहीत. 'रोज सकाळी हीच तपासायची' एवढं त्या म्हणाल्या असत्या तर भावजयीचीही नोकरी गेली असती. घरात एक तरी पगार येऊ दे, म्हणून त्या गप्प राहिल्या, असं मी समजते.

मालकांनी ताईंना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं आणि मला मागच्या खोलीतल्या कचऱ्याच्या खोक्यात टाकलं. दुकान बंद व्हायच्या वेळी ताई तिथे आपली चप्पल आणि छत्री घ्यायला आल्या. त्यांनी मला उचललं, डोळे मिटून छाती भरेपर्यंत श्वास घेतला. भावजय दारात उभी होती.

"खरंच एवढा वाईट वास येतोय?" ताईंनी विचारलं.

"एवढा नाही, ताई."

"मग सकाळी तुला कळला नसेल."

भावजयीचा हात खिशातल्या बोळ्याकडे गेला. "नाही कळला," ती म्हणाली.

"तेच म्हटलं," असं म्हणून ताईंनी मला खोक्यात ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं. मग दोघी एकाच छत्रीतून घरी गेल्या.

मित्रांनो, परफ्यूम सावलीत ठेवा, बाटली उघडी टाकू नका, हे तर तुम्हाला कोणीही सांगेल. मी एवढंच सांगते, की तुमच्या घरात कोणी तुमच्या नाकावर, डोळ्यांवर, कानांवर विसंबून असेल, तर त्याला खरं सांगा. आंबलेल्याला आंबलेलं म्हणा. मी चार दिवसांत भंगारात जाईन, माझं काही नाही. पण त्या घरात दूध नासलंय की नाही, हे ताई आता कोणाला विचारत असतील?