नाव दिसेपर्यंत

"उतरा खाली, हौसाबाई. आणि आता भिंतीला न धरता पुन्हा चढा."

हौसा उतरली. गुडघ्यावर हात दाबत पुन्हा वजनाच्या काट्यावर चढली. पद्मजा सिस्टर खाली वाकून बघत राहिल्या. बाहेर ओट्यावर बसलेल्या शेजारच्या बायजाला मात्र दम निघेना.

"काय गो, हलला का काटा? का तोबी तुला घाबरून बसलाय?"

"हस, हस. तुजी पाळी येऊंदे," हौसा म्हणाली खरी, पण तिचं लक्ष सिस्टरांच्या चेहऱ्याकडे होतं. त्या चेहऱ्यावरूनच तिला कळलं. काटा मागच्या महिन्यात होता तिथंच होता.

तिची मुलगी सगुणा आरोग्य उपकेंद्राच्या दारात उभी होती. आज ती वडखळहून सकाळच्या एस.टी.नं मुद्दाम आली होती.

"बघ आये! एकटी रवतेस, काय खातेस नि काय नाय, कोनाला ठाव. मागं बांधावर पडलीस, उद्या विहिरीवर पडशील. गौरीपर्यंत वजन उतरलं नाय, तर घराला कुलूप घालून तुला वडखळला नेनार. ह्यांनी खोलीसुदा मोकळी करून ठेवलीय."

हौसा काट्यावरून उतरली. गुडघे गेलेत, रक्तात साखर निघाली, हे सगळं तिला कबूल होतं. जावई भला माणूस होता, तेही कबूल होतं. पण घराला कुलूप?

"थांब गं सगुणा," सिस्टर म्हणाल्या. पद्मजा सिस्टर पेणच्या. त्यांच्या घरात तीन पिढ्या मास्तर. रागावणं त्यांना जमत नसे. एखाद्याला कळलं नाही की त्या पहिल्यापासून पुन्हा सांगायला लागत, आणि तेही अशा आनंदानं, की समोरच्याला न कळल्याची लाज वाटू नये. "हौसाबाई, काल सकाळपासून काय काय खाल्लंत? आठवून सांगा."

"सकाळी च्या, बिनसाखरेचा. मंग एक नाचणीची भाकरी नि माठाची भाजी. दुपारी वाटीभर भात, वालाचं बिरडं, काकडी. सांजंला दिवे लागायच्या आत अर्धी भाकरी नि कुळथाची पिठी. तळलेलं नाय. बारशाचा लाडू व्हता बायजाच्या घरचा, तोबी नाय."

"खोटं नाय वो शिस्टर," बायजा बाहेरून ओरडली. "माज्या नातवाच्या बारशाचा लाडू हिनं माज्याच म्हशीला घातला!"

"आणि उपास?"

"ते तुमी सांगितलंत तवाच सोडलं."

सुरुवातीला वजन उतरवायचं म्हणजे उपाशी राहायचं, असंच हौसाला वाटलं होतं. तिनं चहा आणि साबुदाण्यावर दिवस काढले आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन बांधावर आडवी झाली. तेव्हा सिस्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं होतं, "उपाशी राहिलात तर आधी ताकद जाईल. पोटभर जेवा. फक्त ताटातल्या जागा बदला. भाताची अर्धी जागा भाजीला द्या, डाळ-कडधान्य सोडू नका, आणि सावकाश जेवा." हौसानं तसंच केलं होतं. अगदी तसंच.

"मग चुकतंय कुठं?" सिस्टर स्वतःशीच पुटपुटल्या.

हौसा खोटं बोलली नव्हती. तिनं जे जे खाल्लं ते सगळं सांगितलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी रोह्याच्या बाजूनं कंपनीचा भोंगा ऐकू आला. रात्रपाळी सुटली. हौसानं चुलीवरचा भात उतरवला, फडताळातून नवऱ्याचं, काळुरामचं, ताट काढलं आणि पदरानं पुसलं.

ते ताट कंपनीनं एका दिवाळीला दिलेलं. भांड्यांवर नाव घालणारा रोह्याच्या बाजारात बसायचा, त्याच्याकडे दोघं गेली होती. तो नेहमीसारखा काठाशी छिन्नी टेकवायला गेला, तर काळुराम म्हणाला, "काठाला नको रे बाबा. मधोमध घाल, चांगलं ठसठशीत. भात संपला की कळूंदे कोनाचं ताट हाय ते." तेव्हापासून त्याचा नेमच झाला. रात्रपाळी करून सायकलवरून घरी यायचा, पडवीत सायकल लावायचा, स्टँडचा खट्ट आवाज व्हायचा आणि त्या आवाजामागोमाग कंपनीचा वास घरात शिरायचा. औषधासारखा, थोडा जळकट. कितीही धुतलं तरी कपड्यांतून न जाणारा. मग तो भाताच्या ढिगापुढं मांडी घालून बसायचा आणि म्हणायचा, "नाव दिसंपर्यंत उठायचं नाय."

एका सकाळी भोंगा झाला, ताट वाढून झालं, पण सायकल आली नाही. रस्त्यावरच्या मोरीच्या, छोट्या पुलाच्या, कठड्यावर तो बसलेला सापडला. छातीत कळ आली असणार. सायकल शेजारी नीट स्टँडवर लावलेली होती. लोकांनी त्याला घरी आणलं, ओटीवर ठेवलं, आणि रडता रडता हौसाला एकदम आठवलं म्हणून तिनं ताटावरचं झाकण उचललं. भात अजून कोमट होता. नाव झाकलेलं होतं.

आपला माणूस रात्रभर राबून उपाशी गेला, एवढंच तिच्या मनात राहिलं. बाकीचं रडणं पुढं ओसरलं, हे मात्र राहिलं.

आजही तिनं भाताचा ढीग घातला, वर बिरडं ओतलं, कडेला भाजलेला बोंबील ठेवला आणि ताट त्याच्या जागेवर ठेवून झाकलं. तिला स्वतःला मांडी घालून बसता येत नव्हतं. ती शेजारी स्टुलावर बसली आणि कान देऊन राहिली.

खट्ट.

पडवीकडे तिनं मान वळवली नाही. तिथं ती सायकल दोन्ही टायर बसलेल्या अवस्थेत भिंतीला टेकून उभी आहे, हे तिला माहीत होतं. स्टँड कधीच गंजून मोडला होता, तेही माहीत होतं. पण आवाज झाला होता. थोड्या वेळानं तो वासही आला, चुलीच्या धुरातून वाट काढत. पहिल्या पहिल्यांदा ती घाबरायची. आता घाबरायची ती एवढ्यालाच, की एखाद्या दिवशी आवाज झाला नाही तर?

"जेव," ती म्हणाली.

भात निवेपर्यंत ती थांबली. मग ताट मांडीवर घेतलं आणि हळूहळू सगळं संपवलं. शितं बाजूला होत गेली तशी आधी पहिली अक्षरं वर आली, मग सगळं नाव. अन्न टाकायचं नाही, आणि नाव झाकलेलं ठेवून ताट उचलायचं नाही. ते उघडं पडलं की तिला वाटे, जेवला. गेला एकदाचा झोपायला. मग ताट घासून ती आपली भाकरी भाजायला बसे. सिस्टरांना सांगितली ती हीच न्याहारी. आधीचं ताट सांगायचं तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. ते काही तिचं जेवण नव्हतं.

वडखळला गेले तर हे ताट वाढणार कोण? आणि तो येऊन कुलपापुढं उभा राहिला तर?

*

पोरांची वजनं करायच्या दिवशी सिस्टर अंगणवाडीत बसत. हौसा त्या दिवशी तिथं चवळीच्या शेंगा द्यायला गेली होती. सिस्टरांनी खडूनं जमिनीवर हा एवढा मोठा गोल काढला होता, आणि भोवती पोरांनी गिल्ला केला होता.

"हे काय आहे?"

"चाक!" "चांदोबा!" "भाकर!"

"ताट! आता हे अर्धं भाजीचं. पाला आणा बघू. इथं भात, पांढरे खडे. आणि इथं डाळ, चिंचोके. चला, वाढा."

पोरं पळाली. पाला आला, खडे आले, चिंचोक्यांवरून दोघांची मारामारीही झाली. एका झिपऱ्या पोरीनं मात्र मूठभर खडे गोलाच्या बाहेर नेऊन ठेवले.

"अगं, हे बाहेर का?" सिस्टरांनी विचारलं.

"ते माजं नाय. ते बाळ्याचं."

"बाळ्या कोण?"

"माजा भाव. तो टाकतो ताटात. मंग मी खाते."

पोरांना घेऊन आलेल्या बाया हसल्या. सिस्टर हसल्या नाहीत. त्या पोरीजवळ उकिडव्या बसल्या. "म्हणजे खातेस तू, आणि नाव बाळ्याचं? तसं कसं बाई? पोट कुणाचं भरलं?"

पोरीनं विचार केला, पोटावर हात ठेवून बघितला. "माजं."

"मग ताट कुणाचं?"

पोरीनं एकेक खडा उचलून गोलाच्या आत ठेवला.

हौसाच्या हातातल्या शेंगा खाली सांडल्या. ती वेचायला वाकली नाही. वाकता येतच नव्हतं, पण त्या वेळी तेही तिच्या ध्यानात आलं नाही. पोरं घरी गेल्यावर ती सिस्टरांसमोर उभी राहिली.

"शिस्टर, माज्याकडं रोज एक ताट असतं. सगूच्या बाबाचं." आणि मग बांध फुटावा तसं तिनं सगळं सांगितलं; सायकलचा आवाज तेवढा सोडून. तो सांगितला तर सिस्टर निराळ्याच डॉक्टरकडे पाठवतील, असं तिला वाटलं.

सिस्टरांनी गोलातला एक पांढरा खडा उचलून हातात घेतला.

"बंद करू का?" हौसानं विचारलं. आवाज पोरीसारखा आला.

"एकदम नको. रोज मूठभर कमी वाढा. काल होतं त्यापेक्षा थोडं कमी, एवढंच."

"त्याला पुरंल?"

सिस्टरांनी तिच्या हाताला धरून तिला पायरी उतरवून दिली.

*

पहिल्या दिवशी हौसानं मूठभर भात पातेल्यातच ठेवला आणि ताटापुढं चोरासारखी बसली. "आज तांदूळ कमी व्हते," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "तुलाबी मेलं पोट सुटलंच व्हतं." ते मात्र खोटं नव्हतं, आणि तिला हसू फुटलं. भोंग्यानंतर खट्ट झालं. तिला हायसं वाटलं.

ढीग खाली बसत गेला. बिरडं वाटीत जायला लागलं, बोंबिलाचा तुकडा झाला. तिच्या स्वतःच्या ताटात भाजी वाढली. टाकळा, शेवग्याचा पाला, दारच्या पडवळाच्या फोडी. जेवण झालं की ती शेताच्या कडेनं चालून यायची, आधी आंब्यापर्यंत, मग पार ओढ्यापर्यंत. गुडघे कुरकुरायचे, पण ऐकायचे.

आवाज मात्र बारीक होत चालला. एकदा वाटलं, झाला. एकदा वाटलं, बायजाच्या गोठ्यातली साखळी वाजली असेल. वास तर असा यायचा, की तो घरात आहे की नुसता आपल्या आठवणीत, ते कळू नये. एका सकाळी घाबरून तिनं पुन्हा पहिल्यासारखा ढीग वाढला, झाकला, कान टवकारून बसली. काही ऐकू आलं नाही. तो भात तिला जाईना. चार घास झाले आणि पोट भरलं. नाव झाकलेलंच राहिलं. ती त्या भाताकडे बघत रडली. मग उठून तो भात बायजाच्या म्हशीला घातला.

"आता भातबी का?" बायजा म्हणाली. "म्हस तुज्याच दारात बांधते मी."

हौसानं डोळे पुसलेले बायजाला दिसले. ती शेणाचे हात धुऊन आली आणि गोठ्याच्या दगडावर तिच्याशेजारी बसून राहिली.

*

गौरीच्या आधी सगुणा आली. पद्मजा सिस्टर पुन्हा खाली वाकल्या, आणि वर बघितलं तेव्हा त्यांचा चेहरा पोरीसारखा उजळला होता.

"उतरलं! फार नाही, पण हळूहळू उतरलं तेच टिकतं. साखरही खाली आलीय. सगुणा, आईला इथंच राहू दे. चालू दे, शेतात जाऊ दे."

"बग गो सगू," बायजा म्हणाली, "तुजी आय नवरीवानी दिसाय लागली. आता लक्ष ठेव, कोनी मागनी घालील."

सगुणा हसली आणि हसता हसता तिनं डोळ्यांना पदर लावला. "कुलूप राहूंदे मंग," ती म्हणाली. "पन दर महिन्याला येऊन काटा बघनार हां मी."

सगुणा दुपारच्या एस.टी.नं परत गेली. हौसा निरोप द्यायला रस्त्यापर्यंत चालत गेली, आणि येताना त्या मोरीवर घटकाभर बसली. पूर्वी तिथवर तिला चालवत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा झाला. हौसानं फडताळातून ताट काढलं, पदरानं पुसलं आणि त्याच्या जागेवर ठेवलं. त्यात काही वाढलं नाही. झाकणही घातलं नाही. स्टूल बाजूला सारून तिनं भिंतीला हात लावला, एक गुडघा मोडला, मग दुसरा, आणि त्या ताटासमोर, किती दिवसांनी, मांडी घालून बसली.

कान दिला. बायजाची म्हैस हंबरली. रस्त्यावरून पहिली एस.टी. गेली. पडवीत काही वाजलं नाही.

ताटात उन्हाचा कवडसा पडला होता आणि मधोमध नाव होतं, पहिल्यापासूनच उघडं. तिनं त्यावरून एकदा बोट फिरवलं. मग आपली भाकरी पुढं ओढली, भाजी घेतली आणि सावकाश, एकेक घास चावत, एकटी जेवायला लागली.

पडवीचं दार मात्र तिनं उघडंच ठेवलं होतं.