तळहाताएवढे शुभवर्तमान

करुणाआत्या बोलू लागली की तिचा उजवा हात हवेत अक्षरे काढत असे. मलकापूरच्या आमच्या लहानशा चर्चमध्ये माघातले ऊन पूर्वेच्या खिडकीतून तिरपे उतरे, बाहेर रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या खडखडत जात, आणि त्या सोनेरी धूलिकणांत आत्याचे बोट एखाद्या ग्रीक अक्षराचे वळण असे रेखून जाई, की क्षणभर ते हवेत उमटून राहिल्याचा भास व्हावा.

ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. औंधच्या शाळेत इतिहास शिकवण्यात तिचा जन्म गेला, आणि निवृत्तीनंतर, जेव्हा इतरांचे गुडघे बोलू लागतात त्या वयात, ती ग्रीक शिकली आणि रविवारी चर्चमध्ये उपदेश करू लागली. प्राचीन हस्तलिखितांची छायाचित्रे संगणकावर मोठी करून ती तासन्‌तास पाहत बसे. पाहताना तिचा श्वास मंद होई, पाळण्यातल्या मुलाजवळ वाकल्यासारखा.

त्यांतला एक तुकडा तिचा विशेष लाडका. इजिप्तच्या वाळूने जपलेला, लव्हाळ्याच्या कागदाचा म्हणजे पपायरसचा, चहूकडून फाटलेला. योहानाच्या शुभवर्तमानातल्या, येशू पिलातासमोर उभा आहे त्या प्रसंगातल्या काही तुटक ओळी दोन्ही बाजूंना. "दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला हा," ती उपदेशात ठामपणे सांगे. "योहानाला पाहिलेलं एखादं माणूस तेव्हा जिवंतही असेल."

हे ऐकताना सर्वांत पुढे बसलेले जेकबतात्या डोळे मिटून घेत. वडूजकडचे कोरडवाहू शेतकरी, पण अलीकडे मलकापुरात लेकीकडे राहत. त्यांचा मुलगा सांगलीला नोकरीत. शुभवर्तमाने फार मागाहून रचली गेली, असे तो म्हणे, आणि तात्या त्याला आत्याचा तुकडा सांगून निरुत्तर करीत.

मग एका हिवाळ्यात आत्याच्या वाचनात नव्या अभ्यासकांचे लेखन आले. तुकड्यावर साल कुठेच नाही. ते ठरवले अक्षरांच्या वळणावरून, आणि तसे वळण तर पुढेही दीर्घकाळ चालत राहिले होते. तुकडा दुसऱ्या शतकाच्या अखेरचा असू शकतो, कदाचित तिसऱ्याच्या आरंभाचाही. आत्याने ते लेखन पुन्हा पुन्हा वाचले, आणि पुढच्या उपदेशात हे सांगायचे ठरवले.

"सांगायलाच हवं का, आत्या?" मी विचारले.

"शिकवलेलं चुकलं असेल, तर त्याच वर्गात उभं राहून दुरुस्त करायचं असतं गं," ती म्हणाली.

रविवारी तिने सांगितले. त्या सकाळी तिचा हात हवेत उठला नाही. तात्या जागेवरून उभे राहिले.

"आवं बाई, मग इतकी वरसं तुमी सांगितलं ते खोटं व्हय?"

"खोटं नव्हतं, तात्या. खात्रीचं नव्हतं, आणि मी ते खात्रीनं सांगितलं."

"माझ्या पोराचं त्वांड मी त्याच्याच जोरावर बंद केलं हुतं. आता त्याला काय सांगू?"

तात्या बाहेर पडले, आणि दुसऱ्या दिवशी वडूजला आपल्या शेतावर निघून गेले. पुढच्या बाकावरची त्यांची जागा रिकामी राहू लागली. उपदेशाच्या मध्येच आत्याची नजर तिथे जाऊन अडे.

शाळूची काढणी उरकत आली तेव्हा आम्ही दोघी एस. टी.ने वडूजला गेलो. आत्याने तुकड्याचे चित्र मूळ मापात, दोन्ही बाजूंनी छापून घेतले होते आणि फाटलेल्या कडांबरहुकूम कापले होते. तात्यांनी पाणी दिले. आत्याने ते चित्र त्यांच्या तळहातावर ठेवले. जवळजवळ तळहातातच मावले ते.

"येवढंच?" तात्या म्हणाले.

"एवढंच. शुभवर्तमानाचा याहून जुना तुकडा असलाच, तर त्याचंही साल कुणी खात्रीनं सांगू शकत नाही."

"आन् वळणावरनं साल का न्हाई कळत?"

"तरुणपणी लागलेलं वळण माणूस म्हातारपणीही सोडत नाही ना. हे त्यानं विशीत लिहिलं की सत्तरीत, कसं सांगायचं?"

तात्यांनी चित्र उलटे केले. नांगराने राठ झालेले बोट एकेका अक्षरावरून फिरू लागले. वारा पडला होता. खळ्यावरची पाखरेही गप्प होती.

"लिवणाऱ्याचं नाव?"

"माहीत नाही."

"लय सावकाश लिवलंय गड्यानं," तात्या हलकेच म्हणाले.

"हो," आत्या म्हणाली. "घाई नव्हती त्याला."

दोघेही त्या अनाम माणसाकडे पाहत राहिले, जणू तो समोरच मांडी घालून बसला आहे आणि त्याची ओळ अजून पुरी व्हायची आहे.

मग तात्यांनी सांगलीला फोन लावला. "पोरा, त्ये साल मला ठावं न्हाई रं. आपलं भांडान ऱ्हाऊ दे. पर एकदा यिऊन ह्यो तुकडा बघ तरी."

मुलगा आला. पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या, रविवारी बापलेक चर्चमध्ये पुढच्या बाकावर शेजारी शेजारी बसले, आणि उपासना संपताच अंगणात वाद घालू लागले. तात्या त्याला आता पुरते बोलू देत होते. आत्या दारातून ऐकत होती. इतकी प्रसन्न मी तिला क्वचितच पाहिली.

आज आत्या नाही, तात्याही नाहीत. काळ माणसाचा चेहरा नेतो, नाव नेतो, सालसुद्धा पुसून टाकतो. पण कुणीतरी जीव लावून सावकाश काढलेली एखादी ओळ न्यायची तो विसरतो, आणि तेवढ्या आधारावर आपण गेलेल्या माणसांची वाट पाहत राहतो.