हेमलताबाईंना दिसलेला डाग

मी एक फिल्म बोलतेय. सिनेमाची नव्हे हो, एमआरआयची. माझ्यावर सुधन्वाच्या मेंदूची वीस चित्रं आहेत. त्याच्या डोक्यातलं माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही, असा माझा गोड गैरसमज होता.

नऊ वर्षांपूर्वी दिल्लीतल्या एका इस्पितळात माझा जन्म झाला. एकोणीस वर्षांच्या सुधन्वाला तेव्हा नसलेले आवाज ऐकू यायचे. डॉक्टर म्हणाले, स्किझोफ्रेनिया. मयूर विहारच्या घरी त्याच्या आईनं, हेमलताबाईंनी, मला बाल्कनीच्या काचेवर धरलं. मधोमध फुलपाखरासारखी काळी जागा दिसली आणि त्यांनी ठरवूनच टाकलं, हाच तो डाग. त्यांचा भाऊ दिनकरही भिंतींशी बोलायचा. म्हणजे डाग माहेरचा, आपणच मुलाला दिलेला.

पाकिटावर 'कुणाला दाखवू नये' असं लिहून त्यांनी मला पैठणीखाली ठेवलं. एकट्या असल्या की मला काढायच्या आणि त्या डागावरून पदर फिरवायच्या. पुसला जाईल असं वाटत असावं. वेडी माया! माझा त्यांच्यावर फार जीव जडला.

औषधांनी सुधन्वा सावरला, नोकरीला लागला. या हिवाळ्यात डॉक्टरांनी भावंडांच्या मेंदूच्या अभ्यासासाठी त्याच्या धाकट्या बहिणीला, वैभवीला, बोलावलं. आई नको म्हणत असताना ती गेली. तिची फिल्म आली तशी हेमलताबाईंनी आम्हा दोघींना काचेवर शेजारी धरलं. तिच्यातही तीच काळी जागा. आम्हाला मांडीवर घेऊन त्या खाली बसल्या.

"हिलाही दिला मी," म्हणाल्या.

सुधन्वा चहाचा कप ठेवून त्यांच्याजवळ बसला. "आई, ती पाण्याची जागा आहे, बिल्कुल नॉर्मल. सगळ्यांच्या मेंदूत असते. तुझ्याही."

मग त्यानं डॉक्टरांना विचारून ठेवलेलं सगळं सांगितलं. या आजारात ती जागा सरासरीनं जराशी मोठी असते, पण ते शेकडो माणसांची मापं घेऊन कळतं, काचेवर धरून नाही. रक्तातून येतं खरं, पण आईबाबा दोघांकडून, चिमूट चिमूट, आणि इतरही कारणं असतात.

"मला विचारायचंस तरी," तो म्हणाला.

हेमलताबाई खूप रडल्या. मीही खजील झाले. इतकी वर्षं त्या माझ्याकडे बघून झुरल्या आणि मला एक शब्द बोलता आला नाही.

आता माझ्या कडा मुडपल्यात. वैभवीची फिल्म माझ्याच पाकिटात राहायला आलीय. घरातल्या माणसाचं दुखणं साड्यांखाली ठेवू नका, त्यालाच विचारा, एवढंच माझं मागणं. पाकिटावरची जुनी ओळ हेमलताबाईंनी खोडली आणि खाली लिहिलं, 'माझी दोन्ही मुलं.'