एफ की एच

खाखऱ्याच्या डब्याचं झाकण फरशीवर पडलं आणि गरगरत राहिलं. एरवी सकाळच्या त्या वेळी आमच्या घरात कुणी बोलत नाही. उत्तरेच्या खिडकीखाली पांढऱ्या कागदावर हिरे मांडलेले असतात, माझे सासरे, बापुजी, आणि मी समोरासमोर बसलेलो असतो, पंखासुद्धा बंद. मी वळून पाहिलं. झरणा, माझी लेक, हातात खाखरा धरून झाकण आपणहून थांबायची वाट बघत उभी होती.

तेवढ्यात बापुजी बोलून गेले, "एफ."

आमच्याकडे असं होत नाही. रंग ठरवताना धाकट्याने आधी बोलायचं, थोरल्याने नंतर. थोरला आधी बोलला तर धाकट्याला तोच रंग दिसायला लागतो, असं बापुजींनीच मला लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत शिकवलं होतं. डी म्हणजे स्वच्छ पांढरा. तिथून एकेक अक्षर पुढे सरकलं की पिवळेपणा चोरपावलांनी वाढतो. हिरा पालथा घालायचा, फुंकर मारून त्याची चमक क्षणभर मालवायची, आणि ती वाफ उडून जायच्या आत काय ते पाहायचं.

मी फुंकर मारली. मला एच दिसला.

मागच्या आठवड्यातही मला असाच त्यांच्यापेक्षा जास्त पिवळा दिसला होता. तेव्हा बापुजी हसून म्हणाले होते की पोरीबरोबर रात्रभर जागतेस, डोळे हळदीचे झालेत तुझे. मलाही ते पटलं होतं. झरणाला दाढ येत होती, मी खरंच जागत होते.

पण आज ही हिऱ्याची पुडी वाडीभाई दलालाकडे जायची होती, तिथून मुंबईच्या व्यापाऱ्याकडे. महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात बापुजींनी, म्हणजे तिथल्या छबिलकाकांनी, सांगितलेला रंग कुणी पुन्हा उघडून बघत नाही. एकदा बघायची वेळ आली की मग कायमच बघतात.

रंग आधीच ठरलेले नमुने डीपासून क्रमाने मांडलेले असतात, त्या ओळीशी मी हिरा लावून पाहायला गेले. हे नमुन्याचे हिरे बापुजी रोज सकाळी पुसतात आणि नुसत्या नजरेने ओळीत लावतात; त्यांचा तो अभिमान आहे. आज ओळीत एच आधी होता आणि एफ त्याच्या नंतर.

झरणाचा खाखरा कुरकुर वाजत होता.

"बापुजी, मला एच दिसतो."

"झोप झाली नाही का परत?"

"झाली." मी भिंग त्यांच्या हातात दिलं. "ओळीतले हे दोन एकदा बघाल?"

नमुन्यांच्या कडेला रंगाचं बारीक अक्षर कोरलेलं असतं. बापुजींनी एकाचं वाचलं, दुसऱ्याचं वाचलं, मग परत पहिल्याचं. अक्षर त्यांना चष्म्याशिवाय, स्वच्छ वाचता येत होतं. नजर तशीच तेज होती. त्यातून फक्त पिवळा निघून गेला होता. डॉक्टर मोतीबिंदू म्हणाले होते, तो आधी पिवळा रंग खातो असंही; तर बापुजींनी त्यांनाच विचारलं होतं की मग सुईत दोरा कोण ओवतं, तुमची आई?

त्यांनी चिमट्याने दोन्ही नमुने उचलून आपापल्या खऱ्या जागी ठेवले.

"वाडीभाईला एच सांग," ते म्हणाले. मग कागदाची घडी सरळ करत, "आणि यापुढे आधीही तूच बोल, नंतरही तूच."

"तुम्ही बसणार ना समोर?"

"बसेन की. फुंकर तर मारता येते अजून."

मी पुडी बांधायला घेतली. झरणा माझ्या गुडघ्यावर हात टेकून कागदात डोकावली. तोंडाभोवती खाखऱ्याचा चुरा. हिऱ्याकडे बघितलं, दादांकडे, म्हणजे तिच्या आजोबांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"दादांना पांढरा दिसला ना, मम्मी?"

"हो."

"मग दादांचा पांढरा हिरा कुठे गेला?"