‘उल्का’ युद्धनौका आणि चाळीतले दोन कप्तान

मी एक जुनी युद्धनौका आहे. समुद्र मी कधी पाहिला नाही. माझा संचार आकाशगंगेतला. नाव ‘उल्का’.

मित्रांनो, माझा जन्म सोलापुरात, गिरणीकामगारांच्या चाळीत झाला. माणूस चंद्रावर जाऊन आला त्याला दोन-तीन वर्षं झाली होती. बसप्पा आणि अण्णाराव शेजारी राहत, एकाच गिरणीत कामाला जात. अंतराळातल्या लढाईचा खेळ त्या दोघांनी मिळून शोधून काढला. अण्णारावांनी मांजरपाटाचं जाडंभरडं कापड काळं रंगवलं, त्यावर खडूने घरं आखली, ग्रह काढले. बसप्पांनी मागातला झिजलेला धोटा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारा लाकडी तुकडा, तासून मला घडवलं. दोन्ही टोकांना पितळ, त्यामुळे मी उन्हात चमके. अण्णारावांची नौका ‘बिजली’. कवड्या टाकायच्या, पडतील तेवढी घरं सरकायचं आणि ग्रहाआड लपलेल्या शत्रूला गाठायचं.

सुट्टीच्या दिवशी ओट्यावर अख्खी चाळ जमे. “उल्का लई चपळ हाय की!” असं म्हणत लोक मला हातात घेऊन बघत. मला फार अभिमान वाटे.

मग गिरणीत संप झाला आणि लांबला. अण्णारावांची तान्ही लेक आजारी होती, औषधाला पैसे नव्हते. एके दिवशी ते संप मोडून, मान खाली घालून कामावर गेले. संध्याकाळी बसप्पांनी त्यांना ओट्यावरच अडवलं.

“तू आत गेलास व्हय?”

“लेक तापानं फणफणलीया, बसप्पा. काय करू?”

“मला सांगायचं हुतंस की!”

बसप्पांनी दार लावून घेतलं.

संप मिटला, लेक बरी झाली, पण दोघांचं बोलणं काही सुरू झालं नाही. मी कोनाड्यात पडून राहिले. बसप्पा मला कधी खाली घेत, पंच्यानं पुसत आणि परत ठेवत. एकदा अण्णाराव काळं कापड काखेत घेऊन उंबऱ्यापर्यंत आले आणि माघारी फिरले. बसप्पांनी त्यांना पाहिलं होतं. त्यांनीही हाक मारली नाही.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मागापाशी उभे असताना बसप्पा कोसळले. ते पुन्हा उठले नाहीत.

काही दिवसांनी अण्णाराव आले आणि बसप्पांच्या पत्नीसमोर, शिवम्मांसमोर, बसले. म्हणाले, “वहिनी, एकदा मी उंबऱ्यावरनं माघारी गेलो.”

“ठाऊक हाय. जेवताना म्हणायचे, उद्या मीच जातो अण्णारावाकडं. असे लई उद्या गेले, भावजी.”

अण्णारावांनी तोंड पंच्यात लपवलं. शिवम्मा उठल्या. त्यांनी मला कोनाड्यातून काढलं आणि अण्णारावांसमोर ठेवलं.

“कापड आणा. ह्यांचं जहाज मी चालवते. मला शिकवा.”

त्या कधीच खेळल्या नव्हत्या. अण्णाराव एकेक घर दाखवत होते, शिवम्मा मला सरकवत होत्या. त्या डावात मी हरले, पण मला वाईट वाटलं नाही.

मित्रांनो, खेळातली लढाई कापडाची घडी घातली की संपते. माणसांमधला अबोला आपोआप संपत नाही. तुमचं कुणाशी बोलणं तुटलं असेल, तर आजच त्याच्या दारी जा आणि हाक मारा.