बोंबलांखालचा बिंदू

विद्याधरने गोराईच्या वाळूवर नकाशा अंथरला. दोन कोपऱ्यांवर आपले बूट ठेवले, तिसऱ्यावर जेवणाचा डबा, आणि चौथ्यासाठी अनुपमाची पर्स मागितली.

"वारा कुठे आहे?" ती म्हणाली.

"येईल. या वेळेला समुद्राकडून सुटतो."

पाचच मिनिटांत सुटला. अनुपमाने डोळे मिटून घेतले.

हेच तर दुखणं होतं. घाटकोपरच्या मावशीने हे स्थळ आणलं तेव्हा दहा वेळा सांगितलं होतं, "ड्राफ्ट्समन आहे गं. आयुष्यात एक रेघ चुकली नाही त्याची." अनुपमा भाजीत कधी मीठ विसरायची, कधी दोनदा घालायची. अशा माणसासमोर जन्मभर ताट वाढायचं? आज टीव्हीवरचा सिनेमा सुरू व्हायच्या आत मावशीला उत्तर हवं होतं, आणि 'नाही' हे अनुपमाचं कालच ठरलं होतं.

"हॉटेलात बसून आवडीनिवडी काय विचारायच्या? नशीब नेईल तिथे जाऊ," असं विद्याधरच म्हणाला होता. पण नशिबालाही त्याने शिस्त लावली होती. नकाशावर पेन्सिलीने आडवी-उभी घरं आखलेली. बोरिवलीला दोघं वेगवेगळ्या बसने आले, त्या तिकिटांचे शेवटचे दोन आकडे घ्यायचे. त्याचे आडवे मोजायचे, तिचे उभे.

"आडवे तेवीस, उभे एक्केचाळीस," तो पुन्हा म्हणाला. "चला. सरळ रेषेत."

सरळ रेषा वांग्याच्या वाफ्यातून गेली, एका चिडक्या बदकाच्या अंगावरून गेली, आणि कुणाच्या तरी वाळत घातलेल्या कपड्यांतून गेली. पलीकडे विद्याधर निघाला तेव्हा त्याच्या खांद्यावर एक जांभळा परकर होता.

"हाच बिंदू," तो घाम पुसत म्हणाला. परकराने.

वर बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत होते. शेकडो. खालच्या पाटावर बसलेली म्हातारी दोघांकडे बघत होती.

"काय शोधताव रं?"

"काही नाही आजी. फक्त इथे उभं राहायचंय."

"उभाच ऱ्हायाचाय ना? मंग कावले हाकल. मी जेवून येतंय." आणि त्याच्या खांद्यावरचा आपला परकर ओढून घेऊन ती म्हातारी, सरूबाई, घरात गेली.

मग फक्त ऊन उरलं. वाऱ्यावर बोंबील झुंबरासारखे हलत होते, चकाकत होते. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून, जोडीजोडीने टांगलेले. विद्याधर नकाशाची गुंडाळी करून कावळ्यांवर धावत होता आणि कावळे त्याला चुकवून दुसऱ्या टोकाला बसत होते. अनुपमाला वाटलं, आपण झोपलोय आणि हे सगळं आपल्याला पडतंय.

"यांचंही कुणा मावशीनेच जमवलं असणार," ती वर बघत म्हणाली.

विद्याधरने वर बघितलं, विचार केला आणि बऱ्याच उशिराने हसला.

सरूबाई सावकाश झोप काढून आली. मजुरी म्हणून तिने पुडीभर बोंबील दिले.

परतीच्या होडीत विद्याधर पाठमोरा बसून कोणता कावळा म्होरक्या होता ते समजावत होता. तिकिटं अनुपमाच्या घड्याळाच्या पट्ट्यात खोचलेली होती. "जपा, पुरावा आहे," असं तो म्हणाला होता. तिने सहज ती मांडीवर उलगडलेल्या नकाशावर ठेवली. त्याचे एक्केचाळीस. तिचे तेवीस.

तिने परत पाहिलं. उलटं मोजलं होतं त्याने.

मग तिने बोट सरकवत नेलं, आडवे एक्केचाळीस, उभे तेवीस. बोट खाडीत थांबलं. मागे गोराईचा धक्का, पुढे बोरिवलीचा. होडी जवळपास तिथेच होती. पाणी सोनेरी, अगदी गुळगुळीत. अनुपमाने वाकून मनगटापर्यंत हात बुडवला.

"काय झालं?" त्याने वळून विचारलं.

"काही नाही. पाणी कोमट आहे."

"असणारच. दिवसभराचं ऊन..."

"हो ना," ती म्हणाली, आणि पाण्याखालीच मूठ उघडली. दोन तिकिटं वर आली आणि तरंगत मागे राहिली.

घरी मावशी आधीच येऊन टीव्हीसमोर जागा धरून बसली होती. पुडी बघून तिने नाकाला पदर लावला.

"हे काय गं? आणि मुलगा कसाय ते सांग आधी."

"चुकतो."

"अगंबाई! मग नाही म्हणून कळवू?"

अनुपमाने पुडी ओट्यावर सोडली. बोंबलांची एक जोडी अजून तोंडात तोंड अडकवून होती. ती तिने तशीच पातेल्यात ठेवली.

"रविवारी जेवायला बोलाव त्यांना. कालवण मी करणार."

"तू? अगं, निदान मीठ तरी मला घालू दे!"

"नको," अनुपमा म्हणाली. "मीठ मीच घालीन."