टेलरबाईंचं वेटिंग

कायद्याच्या वर्गासाठी विद्यापीठाने टेलरबाईंना प्रतीक्षा यादीत तिसऱ्या नंबरावर टाकलं, तेव्हा घरात सगळ्यांना हायसं वाटलं. आईला नाही म्हणण्याचं पाप परस्पर विद्यापीठाच्या माथी गेलं होतं.

"आई, वेटिंग म्हणजे सभ्य भाषेतलं नाही," मुलगा म्हणाला. "तुझं वय आता नातवंडांत रमायचं."

"नातवंडं दिवसभर शाळेत. मी काय त्यांच्या दप्तरात रमू?"

पुढच्या वर्षीपासून या अभ्यासक्रमाला वयाची अट लागणार होती. यंदा नाही तर कधीच नाही. शिवाय 'उद्या या' एवढ्या भांडवलावर बाईंनी जन्मभर दुकान चालवलेलं, त्यामुळे त्या शब्दांत किती दम असतो ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. घरी गेलेल्या गिऱ्हाइकाचा कोट खुंटीवर लटकत राहतो. दारात ठाण मांडून बसणाऱ्याचा आधी मशीनवर चढतो. तेव्हा सोमवारी सकाळीच बाई प्रवेश कार्यालयातल्या बाकावर जाऊन बसल्या.

"मावशी, काय काम?" खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

"वेटिंग."

"अहो, ते घरी बसून करायचं असतं. जागा झाली की आम्ही कळवतो ना."

"मीपण गिऱ्हाइकांना अगदी असंच सांगायचे."

कारकुनाने आधी पंखा बंद करून पाहिला. मग रंग द्यायचाय म्हणून बाकच उचलून नेला. बाई उभ्या राहिल्या. कापड बेतण्यात ज्यांचा उभा जन्म गेला, त्यांना उभं राहण्याचं काय कौतुक? मुलगा न्यायला आला तेव्हा त्या भिंतीला टेकल्यासुद्धा नव्हत्या.

"आई, लोक हसतायत."

"हसू दे. तोंड वाकडं करण्यापेक्षा बरं."

मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी एक मुलगी प्रवेश रद्द करून गेली आणि एक जागा मोकळी झाली. कारकुनाने यादीतल्या पहिल्याला फोन लावला. तो केव्हाच दुसऱ्या गावी प्रवेश घेऊन मोकळा झाला होता. दुसरा म्हणाला, मित्राच्या लग्नाला आलोय, उद्या येतो.

प्रवेश अधिकारी केबिनमधून बाहेर आले. "तरुण मुलगा आहे. थांबू त्याच्यासाठी उद्यापर्यंत."

बाईंनी भिंतीवरच्या नोटिशीवर बोट ठेवलं. "साहेब, मुदत आज संपते ना?"

"संपते. पण माणुसकी म्हणून काही..."

"माणुसकी इथे आठवडाभर उभी आहे. तिला कुणी बस म्हणालं नाही."

कारकुनाला ऐन वेळी खोकला आला. साहेब मात्र तापले. "बाई, या वयात कायदा शिकून तुम्ही खटला भरणार तरी कुणावर?"

"अजून ठरवलं नाही." बाईंनी पिशवीतून पेन काढलं. "तुमचं पूर्ण नाव काय म्हणालात?"

साहेबांनी मुकाट्याने बाईंच्या प्रवेशपत्रावर सही केली. खाली नाव लिहिलं, पण ते जन्मदात्यालाही वाचता येऊ नये असं गिचमिड.

बाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला, नीट घडी घालून पिशवीत ठेवला.

"असू दे, सावकाश वाचेन," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं मी इथेच आहे."